ताटातला त, ताटातला ट

आटपाट नगर होतं. नगराचं नाव व्हँकुव्हर. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. त्या नगरात राजा नव्हता, राणी नव्हती, पण काळपट काचेची एक पेटी होती...

"आबा, व्हँकुव्हर कसलं आटपाट नगर? तिथं माझी मावशी राहते," मुक्ता म्हणाली.

"राहू दे की. मावशीच्या गावात गोष्टी घडत नाहीत असं कुठं आहे? पेटीत काय होतं ते ऐक."

पेटीत खेळण्यातलं एक जनावर होतं. पेटी बंद असली की काळी काच, आतलं काही दिसायचं नाही. पेटीपासून थोड्या अंतरावर आईच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ, आपली चिऊ आत्ता माझ्या मांडीवर बसलीय तसंच. आईच्या कानांवर हेडफोन आणि त्यात गाणी, नाहीतर तीच नकळत हलायची आणि बाळाला सुगावा लागायचा. समोर एक बाई बाळाला खुळखुळे दाखवत बसलेली. आणि स्पीकरमधून एकच आवाज, पुन्हा पुन्हा: ता... ता... ता... ता... मग मध्येच तो आवाज बदलायचा: टा... टा... टा! त्याच क्षणी पेटीत दिवा लागायचा आणि आतलं जनावर हलायला लागायचं. बाळ खूश.

असं काही वेळा झालं की बाळाच्या लक्षात येतं. 'ता'चा 'टा' झाला रे झाला की दिवा लागण्याआधीच त्याची मान पेटीकडे वळते. बाळाला बोलता येत नाही, पण मान सांगते की साहेबांना फरक कळलाय.

"त्यात काय मोठंसं? ता आणि टा तर कुणालाही कळतं," मुक्ता म्हणाली.

"तुला कळतं. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्या गोऱ्या आईला नाही कळत."

यावर दोन्ही नातवंडं माझ्याकडे बघत राहिली. अर्णव न्यू जर्सीचा, नऊ वर्षांचा, सुट्टीला आलेला. त्याच्या घरात बोलणं बहुतेक इंग्रजीत, त्यामुळं मराठी तोडकंमोडकं, पण गडी बोलायला लाजत नाही. सकाळीच त्यानं स्वयंपाकघरात "मला फल हवं" म्हणून सांगितलं होतं आणि मुक्ता खो खो हसली होती. ही गोष्ट मी काढली ती त्याचसाठी.

"दोघंही म्हणा, ताट. सावकाश. जीभ कुठं जाते ते बघा."

त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना मागून टेकतं. ट म्हणताना तेच टोक मागं वळून टाळूला लागतं. एका ताटात जिभेचा केवढा प्रवास! आता इंग्रजांचा 'टी' घ्या. तो ना दाताला टेकतो ना टाळूला, दातांच्या मागं हिरडीचा जो उंचवटा असतो तिथं लागतो. आपल्या कानाला तो ट वाटतो, म्हणून आपण टेबल लिहितो, टाइम लिहितो. आणि इंग्रजाच्या कानाला आपला त आणि आपला ट, दोन्ही त्याच्या एकाच 'टी'चे भाऊ वाटतात. ताट म्हटलं काय, टाट म्हटलं काय, त्याच्या लेखी एकच.

हा प्रयोग जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा. १९८४ साली त्यांनी जे छापलं ते आज भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं हिंदीतला त आणि ट ओळखत होती. कॅनडातल्याच एका आदिवासी भाषेत तोंडाच्या मागच्या भागातून उच्चारायची दोन व्यंजनं आहेत, आपल्याला दोन्ही 'क'च वाटतील. बाळं तीही ओळखत होती. आठ ते दहा महिन्यांची बाळं जरा अडखळली. आणि दहा ते बारा महिन्यांची? बहुतेकांची मान वळलीच नाही. वर्षाच्या आत खेळ खलास. हिंदी ऐकणारी बाळं मात्र वर्षाची झाली तरी त आणि ट ओळखतच होती.

"म्हणजे वर्षाचं झालं की बाळ थोडं बहिरं होतं?" अर्णवनं विचारलं.

प्रश्न चांगला होता. वर्करबाईंनाही तोच पडला. त्यांनी मोठ्या माणसांवर आणखी प्रयोग केले. त आणि ट यांच्यामध्ये दीड सेकंद जाऊ दिला की इंग्रजी माणूस गोंधळायचा. तेच दोन्ही आवाज अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं लागोपाठ ऐकवले की त्याला फरक जाणवायचा. आवाजाचा तुकडा कापून इतका छोटा केला की ते बोलणं वाटेचना, तेव्हाही कळायचा. म्हणजे कान शाबूत आहे. आवाज आत येतो, फरकही येतो, पण "हे बोलणं आहे" असं म्हटलं की मेंदू त्यातलं बिनकामाचं गाळून टाकतो.

मी नोकरीत होतो तेव्हा आम्ही आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या डब्यात, धावत्या गाडीत, रात्रभर पत्रं वेगळी करायचो. पाकीट निळं की पिवळं, अक्षर मोत्यासारखं की कोंबडीचे पाय, सॉर्टरला त्याचं काही नसतं. गाव बघायचं आणि खणात टाकायचं. रंग दिसत नाही असं नाही. पण रंग बघत बसलं तर पुढचं स्टेशन येईपर्यंत थैली भरायची नाही. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात हेच शिकतो: कुठला फरक बघायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा. आईचा 'क' वेगळा, बाबांचा वेगळा, माझ्या कवळीतून येणारा तर भलताच वेगळा. या सगळ्यांना एका खणात टाकता आलं नाही तर 'काका' हा शब्द कळणार कधी?

सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी याची दुसरी बाजू दाखवली. साडेसात महिन्यांची जी बाळं घरच्या भाषेतले फरक पक्के टिपत होती, त्यांचे शब्द पुढं भराभर वाढले. जी त्या वयातही परभाषेतले फरक चांगले टिपत होती, त्यांचे सावकाश वाढले. म्हणजे बाळ काही गमावतं ते शिकायच्या नादातच गमावतं.

"आत्ता या घरात सगळ्यात जास्त भाषा कुणाला ऐकू येतात, सांगा बघू."

दोघांनी चिऊकडे पाहिलं. सात महिन्यांची चिऊ माझ्या चष्म्याची दांडी चघळत होती.

"मुक्ता, तुला वाटतं तू हसणार आणि अर्णव ऐकून घेणार. अर्णव, तिला दोन शब्द सांग बरं: बनियनचा इंग्रजी 'वेस्ट' आणि पश्चिम दिशेचा 'वेस्ट'."

अर्णवनं सांगितले. मुक्तानं दोन्ही वेळा 'वेस्ट'च ऐकलं. आपल्याकडे 'व' एकच, म्हणून इंग्रजांचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच खणात टाकतो. अर्णव जिंकल्यासारखा हसला. झालं, फिट्टंफाट. हेल सगळ्यांनाच असतो. वऱ्हाडी माणसाला असतो, मालवणीला असतो, तीन-साडेतीनशे वर्षं तमिळांच्या शेजारात राहिलेल्या तंजावरच्या मराठी कुटुंबांना असतो. फक्त पुणेकरांना तो नसतो, असं पुणेकरांचं म्हणणं आहे. मी चाळीस वर्षं पुण्यात काढली, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

बरं, हे शिक्षण सुरू कधी होतं? जन्माच्या आधी. अभिमन्यूला सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह कळला की नाही ते व्यासांना ठाऊक, पण पोटातल्या बाळाला शेवटच्या तीनेक महिन्यांत बाहेरचं ऐकू येतं एवढं नक्की. शब्द स्पष्ट पोचत नाहीत, व्यंजनं बोथट होतात. पोचतो तो बोलण्याचा सूर आणि ठेका. जर्मनीत व्यूर्त्सबुर्गच्या कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तीन ते पाच दिवसांच्या साठ तान्ह्या बाळांचं रडणं तपासलं, तीस फ्रेंच घरातली, तीस जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जात होता, जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता. दोन्ही भाषांत बोलण्याचा सूरही साधारण तसाच चढतो आणि उतरतो. बाळ 'आई' म्हणायच्या कितीतरी आधी आईच्या हेलात टाहो फोडतं!

आता माणसांची गोष्ट जरा बाजूला ठेवू, पाखरांची सांगतो. कॅलिफोर्नियात एक चिमणी आहे, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती जागोजाग राहते, आणि थोड्या मैलांवर तिचं गाणं बदलतं. नर गायला लागला की जाणकार सांगतो, हा बर्कलीचा, हा खाडीपलीकडचा. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ते तिथल्या चिमण्यांनाही लागू. पीटर मार्लर नावाच्या शास्त्रज्ञानं साठच्या दशकात त्यांची पिल्लं घरट्यातून आणून वाढवली. ज्याला कुणाचंच गाणं ऐकू दिलं नाही, ते मोठेपणी गायलं खरं, पण वेडंवाकडं. ज्याला आपल्या जातीच्या गाण्याची टेप ऐकवली, ते नीट शिकलं, आणि ज्या गावची टेप त्या गावचा हेल घेऊन. मात्र टेप कानावर पडायला हवी दहाव्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत. पुढं ऐकवून फारसा उपयोग नाही. यातली गंमत अशी की त्या वयात पिल्लू गातच नाही. नुसतं ऐकून ठेवतं. गळा उघडतो तो काही महिन्यांनी. आधी बाळाच्या बडबडीसारखं काहीबाही, मग हळूहळू पाठ केलेल्या गाण्याशी जुळवत जुळवत पक्कं. शिक्षण कानाचं आधी होतं, गळ्याचं नंतर. माणसाच्या हेलाबद्दलही आपण उगाच जिभेला दोष देतो.

पन्नास दिवसांचा हा नियम वीसेक वर्षं टिकला. मग लुइस बाप्टिस्टा आणि त्यांचे सहकारी पेट्रिनोविच यांनी टेपरेकॉर्डर बाजूला ठेवला आणि पिल्लाच्या शेजारच्या पिंजऱ्यात जिवंत पक्षी ठेवला. दिसणारा, बोलणारा, उत्तर देणारा. तर पन्नास दिवस उलटून गेलेली पिल्लंही शिकली. एवढंच नाही, काहींच्या शेजारी त्यांनी परक्या जातीचा पक्षी ठेवला होता, आणि तो कोण, तर आपली लाल मुनिया! नदीकाठच्या गवतात, उसाच्या कडेनं थव्यानं फिरणारी, लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली. कॅलिफोर्नियाच्या चिमण्यांनी तिचं गाणं उचललं. १९८४ सालचीच ही गोष्ट. तिकडे व्हँकुव्हरची बाळं कान बंद करत होती, इकडे चिमण्या उशिरानं उघडत होत्या.

"म्हणजे टेपपेक्षा मित्र बरा," मुक्ता म्हणाली.

अगदी हेच कूलबाईंनी माणसांच्या बाळांवर करून पाहिलं, २००३ साली. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, ज्यांच्या घरात चिनी भाषेचा शब्दही नाही. त्यांना महिनाभरात बारा वेळा चिनी भाषेच्या सहवासात ठेवलं. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं जमिनीवर बसून पुस्तकं दाखवत, खेळणी खेळत बोलली. काहींना त्याच माणसांचा तोच खेळ टीव्हीवर दाखवला. काहींना नुसता आवाज ऐकवला. नंतर मान वळवायची परीक्षा घेतली; इथल्या पेटीत ढोल बडवणारा पांडा होता. ज्यांच्यासमोर खरं माणूस बसलं होतं ती बाळं चिनी उच्चारांत तैवानमधल्या बाळांच्या तोडीस तोड निघाली. टीव्हीवाली? शून्य. चिनी कधी ऐकलंच नव्हतं अशा बाळांइतकीच कोरी. हे सांगताना मी सूनबाईंकडे पाहिलं नाही, कारण चिऊला मोबाईल दाखवून भात भरवण्यात माझाही हात असतो.

"पण आबा, मी तर नऊ वर्षांचा. माझी वेळ गेली?" अर्णव जरा हिरमुसला.

अरे, नऊ वर्षं म्हणजे काहीच नाही! हेन्री किसिंजर आणि त्याचा भाऊ वॉल्टर हे जर्मनीतले ज्यू. १९३८ मध्ये नाझींच्या जाचामुळं घरदार सोडून अमेरिकेत आले. हेन्री पंधरा वर्षांचा, वॉल्टर वर्षानं लहान. हेन्री पुढं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला आणि शंभर वर्षं जगला, पण त्याचा जर्मन हेल अखेरपर्यंत गेला नाही. वॉल्टर मात्र अमेरिकनासारखा बोलायचा. एका वर्षाच्या फरकानं एवढं होत नाही. स्वभाव, सोबत, किती बोलतो आणि किती ऐकतो, हे सगळंच त्यात येतं. वय म्हणजे कुलूप नाही, उतार आहे. आणि तोही प्रत्येक गोष्टीला सारखा नाही. उच्चाराचा उतार फार लवकर सुरू होतो. व्याकरणाचं तसं नाही. २०१८ साली जवळपास पावणेसात लाख माणसांच्या इंग्रजीची ऑनलाइन परीक्षा घेऊन काही संशोधकांनी हिशेब मांडला, तर व्याकरण सहज शिकण्याची ताकद सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकलेली दिसली. शब्द तर मी अजून शिकतो. परवाच तुझ्याकडून दोन शिकलो, त्यातला एक आजीसमोर वापरायचा नाही असं तूच सांगितलंस.

आणि उतारावर चढणारेही असतात. जोसेफ कॉनरॅड पोलिश, विशीत जहाजावर इंग्रजी शिकला आणि इंग्रजीतला थोर कादंबरीकार झाला. बोलायला लागला की मात्र पोलिश हेल लपायचा नाही. पण त्याच्यापेक्षा मला आपला माणूस जवळचा वाटतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा. १५७९ साली गोव्याला आला तेव्हा तिशीचा होता. म्हणजे वर्करबाईंच्या हिशेबानं त आणि ट एकाच खणात टाकायला लागून त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. तो साष्टीत पाद्री म्हणून राहिला, कोंकणी शिकला, मराठी शिकला, कोंकणीचं व्याकरण लिहिलं, आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीत, ओवीत, आणि ओव्या दहा हजारांहून जास्त! ज्ञानेश्वरीच्या वळणावर जाणारी भाषा, आणि मराठीचं असं कौतुक त्यानं केलंय की आपण अजून ते शाळेच्या भाषणांत वापरतो. त्या काळी गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून हे सगळं रोमन लिपीत छापलं. आता पंचाईत बघा. रोमन लिपीत 'टी' एकच. मग त आणि ट वेगळे दाखवायचे कसे?

"कॅपिटल टी?" मुक्ता म्हणाली.

हुशार आहेस, पण गोव्यातल्या पाद्र्यांनी वेगळी युक्ती केली. दातांना टेकणाऱ्या त साठी एक 'टी', टाळूला लागणाऱ्या ट साठी दोन. तसंच ड साठी दोन 'डी', ण साठी दोन 'एन', आणि अर्णव, तुझ्या ळ साठी दोन 'एल'. गोव्यात गेलास की आजही वाड्यांच्या पाट्यांवर दोन 'डी' दिसतील. रोमी कोंकणी अजून तशीच लिहितात. आता मला सांगा, ज्याच्या कानाला फरक कळत नाही तो कागदावर फरक करेल कशाला? तिशीनंतर कान उघडता येतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि तो प्रयोगशाळेच्या साडेतीनशे वर्षं आधीचा आहे. त्या माणसाला टेप नव्हती, ॲप नव्हतं. साष्टीतली गावं होती, आणि तिथं चाळीस वर्षं बोलणारी माणसं.

किती माणसं, हेही महत्त्वाचं. जपानी लोकांना इंग्रजीतले 'आर' आणि 'एल' एकच वाटतात, हे तुम्ही सिनेमात चेष्टेनं दाखवलेलं पाहिलं असेल. अमेरिकेत डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९१ च्या सुमारास जपानी माणसांना हे दोन आवाज ओळखायला शिकवले. युक्ती साधी होती. एकाच शिक्षकाचा आवाज शंभरदा नाही ऐकवायचा. अनेक माणसांचे आवाज, अनेक शब्द, आणि दर वेळी लगेच सांगायचं की बरोबर की चूक. एकाच माणसाचं ऐकून शिकलं की त्या माणसाचाच आर-एल कळतो. अनेकांचं ऐकलं की नवख्याचाही. सुधारणा महिनोन्‌महिने टिकली. आणि पुढच्या अभ्यासांत दिसलं की ज्यांना फक्त ऐकायला शिकवलं होतं, त्यांचं बोलणंही सुधारलं. जिभेला कुणी काही शिकवलं नव्हतं.

"अर्णव, तुझ्याकडे आणखी एक शिल्लक आहे. तू जन्मलास तेव्हा आजी सहा महिने तुमच्याकडे होती. तिनं तुझ्या कानात किती वेळा 'माझं बाळ ते' म्हटलं असेल? वर्कर आणि टीज यांना असे इंग्रजी तरुण सापडले होते, ज्यांच्या कानावर अगदी लहानपणी हिंदी पडलं होतं आणि पुढं बंद झालं. मोठेपणी त्यांनी हिंदीचा वर्ग लावला, तेव्हा सुरुवातीलाच त आणि ट ओळखण्यात ते बाकीच्यांच्या पुढं होते."

"मग मी काय करू?"

"मंडईत जा. मुक्ताला घेऊन. फळवाल्यांच्या ओळीत प्रत्येकाला विचारायचं: केळी कशी, जांभळं कशी, डाळिंबं कशी. दहा माणसांकडून दहा ळ ऐकायचे. तू आधी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. आल्यावर मुक्ता 'बाल' आणि 'बाळ' असं उलटसुलट म्हणेल, तू कुठला ते सांगायचं, चुकलास की तिनं तिथल्या तिथं सांगायचं. मग जीभ. ट साठी वळवतोस तशीच मागं वळव, टाळूला टेकव, पण हवा अडवू नकोस, दोन्ही बाजूंनी जाऊ दे, आणि टोक झटकन खाली सोड."

"ळ," अर्णव म्हणाला. जरा 'ल'कडे झुकलेला, पण निघाला.

"आणि माझा व्ही-डब्ल्यू?" मुक्तानं विचारलं.

"तो अर्णव शिकवेल. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला दातांचं काम नाही, ओठ गोल करायचे. पण आधी ऐकायचं. अर्णव वेस्ट म्हणेल, तू बनियन की पश्चिम ते सांगायचं. फी कुणी कुणाकडून घ्यायची नाही. आणि पिशवी घेऊन जा, फुकट ळ ऐकून यायचं नाही. डझनभर केळी तरी आणा."